शेतकऱ्याच्या घराची सराई

वर्धा नदीच्या कांठच्या बल्लारपुराभोंवतीं खेड्यांत जावें, तर जुन्या घरांना पुढें ओसरी आढळते. अवेळीं आलेला वाटसरू तेथेंच टेकतो, तेथेंच पाण्याचा तांब्या त्याच्या हातीं येतो, आणि माजघर उंबरठ्यापलीकडे निवांत राहतें. परक्यासाठीं राखलेली ही जागा मोल घेऊन दिली जाऊं लागली, कीं घराची सराई होते.

हें स्थित्यंतर बांधणींतून कसें घडतें, याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील सडबरी येथें डेव्हिड हौ यानें १७०७ च्या सुमारास दोन खोल्यांचें घर बांधलें. बॉस्टनकडून येणारा टपालरस्ता दारावरूनच जात असे. प्रवासी वाढले, तेव्हां १७१६ मध्यें त्यानें सराईचा परवाना मिळविला. पुढें पिढ्यान्‌पिढ्या खोलीला खोली जोडीत घर वाढलें. नकाशा आधीं नव्हता. पाहुण्यांची गरज हाच नकाशा. छपराचा उतार मध्यें मोडून खालीं अधिक उभा केलेला आहे. त्यामुळें माळ्यावरही माणसाला ताठ उभें राहतां येतें आणि निजण्याच्या खोल्या वाढतात.

हौ घराण्याचा कारभार १८६१ मध्यें संपला. दोनच वर्षांनीं कवि लाँगफेलो यांच्या काव्यसंग्रहामुळें ती 'वेसाइड इन' या नांवानें कीर्तीस चढली. १९२३ मध्यें हेन्री फोर्ड यांनीं ती विकत घेतली. १९५५ च्या डिसेंबरांत आगीनें वास्तूचा मोठा भाग गिळला. तरीहि जुन्याच धर्तीवर ती उभारून १९५८ मध्यें प्रवाशांस पुन्हां खुली झाली.

जळालें तें लाकूड. वांचली ती मांडणी. हीच गोष्ट ध्यानीं घेण्याजोगी आहे. आज ताडोब्याच्या परिसरांत वाघ पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांची गांवकऱ्यांच्या घरांतूनही सोय होते. खोल्या वाढविणें अवश्य आहे, न्हाणीघरही हवें. पण त्यासाठीं ओसरी मोडून पक्क्या भिंती घातल्या, तर पाहुण्याला निजावयास जागा मिळेल, बसावयास मिळणार नाहीं. आणि घरच्यांचा उंबरठाही नाहींसा होईल. खोल्या मागें परसांत वाढवाव्यात, ओसरी पुढें तशीच ठेवावी. पैसे खोलीचे घ्यावेत. पाण्याचा तांब्या मात्र पूर्वींसारखाच ओसरीवर यावा.