पायी पाहायचं वाशीम



वाशीमला पाहुणे आले की बहुतेक घरांत एक वाक्य ठरलेलं असतं. "इथं काय पाह्याचं हाय जी? बालाजीचं दर्शन घ्या, अन् जेवून घ्या." पाहुणा बालाजीला जाऊन येतो. कोणी हौशी निघाला तर पद्मतीर्थावर एक चक्कर होते आणि संध्याकाळच्या गाडीनं तो अकोल्याकडं निघतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या राजधानीत आपण दोन वेळा जेवलो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आपल्या गावाची गोष्ट सांगण्यात युरोपातल्या लहान गावांचा हात धरवत नाही. हंगेरीत, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, क्योसेग नावाचं एक छोटं गाव आहे. १५३२ साली तुर्कांचा सुलतान सुलेमान व्हिएन्नाकडं निघाला असताना त्याच्या अफाट फौजेनं या गावाला वेढा घातला. आतल्या मूठभर शिबंदीनं गाव राखलं आणि फौज उठून गेली. त्या आठवणीची घंटा तिथं आजही रोज सकाळी अकराला वाजते. २१ फेब्रुवारी हा जगभरच्या पर्यटक मार्गदर्शकांचा दिवस. १९९० पासून तो पाळतात. त्या सुमारास हंगेरीतल्या कित्येक गावांत जाणकार मंडळी लोकांना गोळा करून गावातून फुकट फिरवतात. परके पाहुणे असतात, पण मुख्य गर्दी गावकऱ्यांचीच. आपल्याकडं अहमदाबादच्या महापालिकेनं १९ नोव्हेंबर १९९७ पासून कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत अशी रोजची पायी फेरी सुरू केली. ती पुरती फुकट नाही, थोडे पैसे घेतात. पुढं २०१७ मध्ये ते शहर जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडं तटबंदी आहे, पोळ नावाचे जुने मोहल्ले आहेत, कोरीव हवेल्या आहेत. वाशीमला काय आहे? खरं आहे. वाकाटक राजांच्या त्या राजधानीची एक भिंतही आज गावात उभी दिसत नाही. माझं म्हणणं असं की म्हणूनच इथं सांगणाऱ्याची गरज जास्त. ताजमहाल मुका राहिला तरी चालतो. वाशीमचं तसं नाही.

तेव्हा मनानं का होईना, फेरी काढू. सुरुवात पद्मतीर्थापासून. वासुकी नावाच्या राजाचं कुष्ठ या पाण्यानं गेलं, अशी इथली कथा. वत्सगुल्म हे वाशीमचं जुनं नाव; वत्सगुल्म माहात्म्यात अशा एकशेआठ तीर्थांचा हिशोब आहे आणि जुनी माणसं त्यांतली बरीच अजून बोटावर मोजून दाखवतात. कथा सांगावी, भरपूर सांगावी. फक्त कथा संपली की सांगणाऱ्यानं एक श्वास घ्यावा आणि म्हणावं, "आता पुराव्याचं ऐका."

पुरावा तांब्याचा आहे. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट हाती आला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती यानं आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्म इथून दिलेलं ते दानपत्र. वंशावळ संस्कृतात, पुढचा व्यवहार प्राकृतात. दान दिलेलं गाव नंदीकट भागातलं, आणि नंदीकट म्हणजे आजचं नांदेड असं अभ्यासक मानतात. तोवर वाकाटकांची अशी एक वेगळी शाखा होती, पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन यानं ती वत्सगुल्मात स्थापन केली, हे कोणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात वराहदेव या मंत्र्याचा मोठा शिलालेख आहे. त्यातली झिजलेली अक्षरं आधीच्या विद्वानांनी भलतीच लावली होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी वाशीमचा ताम्रपट शेजारी ठेवून तो लेख पुन्हा वाचला आणि सर्वसेन, विंध्यशक्ती ही नावं आपापल्या जागी बसली. वराहदेवाचा धनी राजा हरिषेण हा याच वत्सगुल्म शाखेतला. अजिंठ्याला आपण सहली नेतो, तिकिटं काढतो, रांगेत उभे राहतो. ते लेणं खोदवणाऱ्या मंत्र्याचा राजा आपल्या गावच्या घराण्यातला होता, हे मात्र सहलीच्या बसमध्ये कोणी बोलत नाही.

आणि ही माणसं नुसती राज्य करून थांबली नव्हती. सर्वसेनानं प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. काव्य आज उपलब्ध नाही, पण नवव्या शतकातला काश्मीरचा आनंदवर्धन त्याचा आदरानं उल्लेख करतो. वाशीमच्या राजाची कविता काश्मीरपर्यंत वाचली जात होती! पुढं राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त एक गमतीची गोष्ट रचली. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघाला, त्याला वळवायला गौरीनं साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली. ती त्याच्यामागं पूर्वेकडं गेली, पांचालात गेली, अवंतीला गेली, दक्षिणेत गेली. शेवटी दोघांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. साहित्याचं लग्नघर कुठं, असं कोणी विचारलं तर पुण्याचं नाव घ्यायचं कारण नाही.

पद्मतीर्थावरून मध्यमेश्वराकडं वळू. साधं देऊळ, पुष्कळ वाशीमकरांनीही नीट पाहिलेलं नाही. जुन्या ज्योतिर्विदांची मध्यरेषा इथून जाते म्हणून हे नाव, असं सांगतात. ही नुसती गावची बढाई नव्हे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यानं लंकेपासून मेरूपर्यंतच्या रेषेवरची गावं दिली आहेत आणि त्यांत अवंतीच्या अलीकडं वत्सगुल्म येतं. आजच्या नकाशावर पाहिलं तर उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या किंचित पुढं आहे आणि वाशीम ७७ अंशांच्या. म्हणजे सव्वा अंशाहून जास्त फरक. फेरीतल्या शाळकरी मुलांना हे जरूर सांगावं. रेखांश मोजायला बिनचूक घड्याळ लागतं, ते नव्हतं, तरी माणसांनी रेषा आखून पाहिली. मुलांना त्यात लाज वाटत नाही, उलट गणित करायला घेतात. मोठ्यांना वाटते, हा माझा अनुभव.

मग बालाजी. इथं गर्दीत शिरण्याआधी बाहेरच उभं राहून भवानी काळूची गोष्ट सांगावी. पटवारीपणापासून चढत चढत हा माणूस नागपूरकर भोसल्यांपैकी साबाजींचा दिवाण झाला, असं जुनं गॅझेटिअर सांगतं. औरंगजेबाच्या काळात पुरून ठेवलेल्या मूर्ती पुढं सापडल्या आणि त्यानं हे मंदिर बांधलं. एका स्वारानं काठीनं माती उकरली तेव्हा मूर्तीची करंगळी दिसली, असा लोकांच्या तोंडचा तपशील. मंदिर पुरं झालं १७७९च्या सुमारास. पण साबाजी तर १७७५ मध्येच पाचगावच्या लढाईत सख्ख्या भावाविरुद्ध लढताना मारले गेले होते. धनी गेला, सत्ता दुसऱ्या भावाकडं गेली, आणि तरी दिवाणानं एवढं मोठं बांधकाम तडीस नेलं. कसं नेलं असेल, पैसा कुठून उभा केला असेल, असा प्रश्न सभामंडपात उभं राहून विचारला की आजूबाजूचे दर्शनाला आलेले लोकही कान देतात. जवळचा देवतलावही त्याच माणसाच्या नावावर सांगतात.

वाशीमच्या पुढच्या काळाबद्दल फार रेंगाळायला नको. अकबराच्या दप्तरात वऱ्हाड सुभ्याचं एक सरकार, इंग्रजी अमदानीत काही वर्षं जिल्हा, १९०५ मध्ये तो मोडला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा झाला. चालता चालता सांगून होतं.

फेरीला खरा दुसरा दिवस हवा तो कारंजा लाडसाठी. तिथं मात्र डोळ्यांना दिसण्यासारखं पुष्कळ आहे. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. चार वेशींची नावं म्हणजे जुन्या व्यापारी रस्त्यांचा नकाशाच. या पेठेत किती पैसा खेळत होता? १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा गाठलं आणि कापड, सोनं, चांदी मिळून एक कोटीचा ऐवज चार हजार बैलगाढवांवर लादून नेला, असं जदुनाथ सरकार लिहितात. खंडणीसाठी बडी माणसं धरून नेली, गावातला सगळ्यांत मोठा असामी तेवढा बाईच्या वेशात निसटला. कारंजेकर ही गोष्ट चवीनं सांगतात. आपलंच गाव लुटलं गेल्याचा अभिमान बाळगणारं गाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका याच श्रीमंतीतून आली: विकायला आलेली सगळी कस्तुरी सावकारानं घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात घातली म्हणे.

बहुतेक लोक कारंज्याला येतात ते गुरुमंदिरात. श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून दत्तभक्तांचा राबता बारा महिने. दर्शन घेऊन गाडी परत फिरते. जैन मंदिरांच्या गल्लीत, सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांच्या देवळांकडं पावलं क्वचित वळतात. या मंदिरांतल्या पोथ्यांनी गेल्या शतकात भारतीय भाषांच्या इतिहासात भर घातली. अपभ्रंश भाषेतली कितीतरी काव्यं कारंज्याच्या भांडारांत कापडात बांधलेली होती. हिरालाल जैन यांनी ती हुडकली, आणि १९३१ पासून कारंजा जैन ग्रंथमालेत एकेक छापून निघाली: पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' प. ल. वैद्य यांनी संपादलं, पाठोपाठ 'णायकुमारचरिउ' आणि 'करकंडचरिउ' आली. प्राकृताकडून मराठी, हिंदी, गुजरातीकडं भाषा कशी वळत आली हे शिकायला जगभरचे विद्यार्थी ही पुस्तकं उघडतात. मुखपृष्ठावर कारंजा हे नाव असतं. दत्ताच्या दर्शनाला आलेल्या माणसाला चार पावलं पलीकडं नेऊन हे सांगायला अर्धा तास पुरतो.

आणि ठिकाणं पायी फिरून पाहायची ही चाल आपल्याला परकी नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' घ्या, चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी कुठं उतरले, कुठं बसले, देवळाचं दार कोणत्या दिशेला, असं गावोगावचं वर्णन तिच्यात आहे. वि. भि. कोलत्यांनी ती संपादून छापली. पोथी हातात घेऊन महानुभाव मंडळी ठिकाणं शोधत पायी फिरली. फरक एवढाच की तिथं श्रद्धा आधी, आणि आपल्या फेरीत शंका काढायलाही मोकळीक.

फेरी फुकट कशाला, असं मला विचारतात. लोकांना फुकटाची किंमत नसते म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. पैसे घेतले की काहीतरी दाखवावंच लागतं. मग साध्या दगडाला राजवाड्याचा चौथरा म्हणायची पाळी येते. फुकट सांगणारा माणूस मोकळ्या जागेपाशी उभा राहून बिनदिक्कत म्हणू शकतो, "राजवाडा कुठं होता ते आज दाखवता येत नाही." शिवाय पन्नास रुपये ठेवले तरी बाजारात भाजी विकणारी बाई, शाळेचा शिपाई, सुट्टीतली पोरं येणार नाहीत. मला तर तीच हवीत. परगावचा पाहुणा ऐकून निघून जातो. गावातला माणूस ऐकतो आणि संध्याकाळी पारावर चारजणांना सांगतो.

कोणी मनावर घेणार असेल, एखादा निवृत्त शिक्षक, महाविद्यालयातली इतिहासाची मुलं, तर दोनतीन व्यवहाराच्या गोष्टी. वऱ्हाडातला उन्हाळा ध्यानात घेऊन फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवावी, सकाळी सातला निघून दहाच्या आत संपवावी. १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह असतो, सुरुवातीला बरा. पंधरावीस जणांच्या वर माणसं घेऊ नयेत, मागच्याला ऐकू जात नाही. देवळांच्या विश्वस्तांना आदल्या दिवशी भेटून यावं. जैन मंदिरांत चामड्याचा पट्टासुद्धा बाहेर ठेवावा लागतो, हे घरूनच सांगून ठेवावं. पोथ्या पाहायच्या तर आधी रीतसर परवानगी, आणि हात लावायचा नाही. आणि अश्विनातल्या बालाजीच्या उत्सवात मात्र फेरीच्या फंदात पडू नये. त्या गर्दीत भवानी काळू स्वतः येऊन बोलू लागला तरी कोणाला ऐकू जायचं नाही.