दवाखान्यात पोचली, पुढे काय?

(मंचाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



बाळंतपणातल्या विषमतेवर बोलायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो तो असा, की हा प्रश्न आता सुटला नाही का? तसं वाटायला कारणही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली भारतात शंभरातली ३९ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ८९ झाली, महाराष्ट्रात तर ९५. मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ होतं, आसामात १९५ आणि महाराष्ट्रात ३३. ही प्रगती खरी आहे. ती नाकारण्यात काही पुरोगामीपणा नाही.

पण माझं म्हणणं असं आहे की विषमता संपलेली नाही, तिनं जागा बदलली आहे. पूर्वी ती दवाखान्याच्या दाराबाहेर उभी दिसायची. २००५-०६ साली सर्वात गरीब पाचव्या हिश्श्यातल्या शंभर बाळंतपणांपैकी जेमतेम १३ दवाखान्यात होत, सर्वात श्रीमंत हिश्श्यातली ८४. आता ती दाराच्या आत शिरली आहे. कोणाला कधी, कशी आणि किती काळजी मिळते, यात ती दिसते.

आधी दाराबाहेरचं पाहू. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशा कार्यकर्त्या आल्या आणि त्याचा मोठा परिणाम झाला. पण या योजनेतली एक अट बघा. ज्या राज्यांत दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण बरं होतं, म्हणजे महाराष्ट्रासारख्या राज्यांत, अनुदान फक्त १९ वर्षांवरच्या आणि पहिल्या दोन बाळंतपणांपुरतं होतं. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी आणि चौथ्या खेपेची बाई, ज्यांच्या जिवाला धोका जास्त, नेमक्या त्याच बाहेर! २०१३ साली ही अट निघाली. विचार मात्र गेला नाही. २०१७ ची मातृवंदना योजना पहिल्या बाळापुरतीच होती. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर तिलाही लाभ मिळतो. लोकसंख्येचं धोरण आणि जीव वाचवण्याचं धोरण यांची अशी गल्लत झाली की किंमत गरीब बाई मोजते.

या विषयाचे अभ्यासक तीन विलंबांबद्दल बोलतात: दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर.

पहिल्या दोन विलंबांसाठी ऊसतोड कामगारांचं उदाहरण घ्या. बीडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याजवळ कोप्यांत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पोटुशी बाई ऊस तोडते, मोळ्या डोक्यावरून वाहते. तिची नोंद गावच्या उपकेंद्रात, तिला ओळखणारी आशाताई गावातच राहिलेली. कळा आल्या की गाडी कुठून बोलवायची, दवाखाना कोणत्या दिशेला, हेच माहीत नसतं. आपल्यापैकी अनेकांच्या घरचा ऊस अशाच हातांनी तोडला आहे, हे विसरू नये.

यावर इलाज नाही असं नाही. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी 'माहेरघर' असतं. दिवस भरत आले की बाई तिथे येऊन राहते, सोबत लहान मुलं आणि एक नातेवाईक. राहण्या-जेवण्याची सोय होते. रस्ता होईल तेव्हा होईल. तोवर बाईलाच आधी आणून ठेवायची. साधी गोष्ट, पण बाईच्या अडचणीतून सुचलेली.

आता दाराच्या आतलं, म्हणजे तिसरा विलंब. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो. भारतातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांना थोडं रक्त जाणंही झेपत नाही. अशा वेळी रुग्णालयात रक्ताची बाटली नसेल, भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असेल, तर बाई 'दवाखान्यात' असूनही काळजीविना असते. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. कागदावर ते संस्थेतलंच बाळंतपण!

दुसरं टोक शहरातलं. २०१९-२१ च्या पाहणीत सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण १४ टक्के होतं, खासगीत ४७. सर्वात गरीब हिश्श्यात ७ टक्के, सर्वात श्रीमंत हिश्श्यात ३९. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की समाजातलं हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यानं मृत्यू कमी होताना दिसत नाहीत. म्हणजे जिला गरज आहे तिला ऑपरेशन मिळत नाही आणि जिला गरज नाही तिचं होतं. दोन्हीकडे बाईचं म्हणणं ऐकलं जात नाही. लेबर रूममधलं ओरडणं, चापट मारणं, जातीवरून किंवा मुलांच्या संख्येवरून टोमणे, हाही विषमतेचाच भाग आहे. बाळंतिणीला विटाळशी मानून हे काम मांग समाजातल्या सुइणींवर टाकणारी मनोवृत्ती पांढरा कोट घातल्यानं आपोआप जात नाही.

कुणी म्हणेल, आपण ब्रिटनमध्ये राहतो, इथे सगळं फुकट आहे. इथेही कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मातामृत्यूचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे नुसते पैसे माफ केल्यानं भागत नाही. पण इथून शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, सरळ बाळंतपण प्रशिक्षित मिडवाइफ करते. डॉक्टर अडचणीच्या वेळी. भारत सरकारनंही २०१८ साली अशा मिडवाइफ तयार करण्याचं धोरण आखलं. ते नेटानं राबवायला हवं. दुसरी, १९५२ पासून इथे मातामृत्यूंची गोपनीय चौकशी होते. कोणाला फाशी द्यायची यासाठी नाही, पुढची वाचावी यासाठी. केरळात डॉक्टरांच्या संघटनेनं २००४ साली हेच सुरू केलं.

मग आपण काय करायचं? गावाला देणगी द्यायची तर सोनोग्राफी मशीन आणि त्यावर नावाची पाटी, हा मोह आवरा. आधी विचारा: रक्तसाठा आहे का? रात्री नर्स किती असतात? भूलतज्ज्ञाची जागा किती दिवस रिकामी आहे? बाईसोबत घरची एक बाई आत राहू शकते का? माहितीच्या अधिकारात हे प्रश्न गावातलं कोणीही विचारू शकतं; आपण त्यांच्यामागे उभं राहू शकतो. ज्यांचं साखर कारखान्यांत भागभांडवल आहे त्यांनी वार्षिक सभेत विचारावं, की गाळप हंगामात कोप्यांवर नर्स येते का?

दवाखान्यात पोचलेल्या बाया मोजून झाल्या. आता तिथे त्यांचं काय होतं, ते मोजू या.

आता चर्चा करू.