खुनाची पुस्तके आणि आपण



मंडळाच्या पुस्तकपेटीतून मी कोणती पुस्तके नेते, हे चिटणीसबाईंना ठाऊक आहेच. तेव्हा आधीच कबूल करते, की मला खऱ्या खुनांच्या हकिकती वाचण्याचा नाद आहे. कधी कधी तर पोथीखाली झाकूनही वाचल्या आहेत!

गेल्या वर्षी पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्याची हकिकत वाचली. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली गेली. मारणारे कोण, तर चित्रकला शिकणारे कॉलेजातले तरुण! पहिला बळी त्यांचाच सहाध्यायी. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी झाली. त्यांपैकी मुनव्वर शहाने तुरुंगात आत्मकथनही लिहिले.

माझ्या सासूबाई त्या काळी पुण्यास होत्या. दिवेलागणीनंतर ओळखीचा आवाज आल्याखेरीज दार उघडत नसत. मी त्यांना चौघांची नावे घडाघडा म्हणून दाखविली. शेंगा सोलता सोलता त्यांनी विचारले, "अभ्यंकरांकडची मोलकरीणही गेली बिचारी. तिचे नाव काय गं?"

मला सांगता येईना. फाशीची तारीख मुखोद्गत, आणि दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या ज्या बाईचा जीव गेला, तिचे नाव लक्षातही राहिले नव्हते! मुकाट्याने शोधून काढले. सकूबाई.

मग सारी हकिकत पुन्हा वाचली. २२ नोव्हेंबर १९७६ च्या संध्याकाळी हेच तरुण शंकरशेठ रस्त्यावरील एका बंगल्यात शिरले होते. घरच्या बाईंनी व त्यांच्या दोन नोकरांनी प्रतिकार केला, तेव्हा हे मारेकरी तारेच्या कुंपणावरून पळाले. पहिल्या खेपेस हा भाग मी भराभर उलटला होता, कारण तेथे कोणी मेले नव्हते! याची मला फार लाज वाटली.

भगिनींनो, अशी पुस्तके वाचू नका, असे मी म्हणणार नाही. मी स्वतःच वाचणार आहे. चांगल्या घरची मुले कोणत्या संगतीने बिघडली, हे आपणां आयांना कळावयास हवेच. परंतु पुस्तक मिटताना मारणाऱ्यांचीच नावे ध्यानात राहिली, की गेलेल्यांची आणि धैर्याने बचावलेल्यांचीही आठवण राहिली, एवढे मनास विचारावे. आता नवे पुस्तक आणले, की सासूबाई म्हणतात, "आधी गेलेल्यांची नावे सांग, मग पुढचे!"