न दिसणारी जखम

1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे झाशीची राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडली. तिच्या मस्तकावर तलवारीचा वार झाला होता, असे परंपरा सांगते. ती जखम इतिहासाने जपली. परंतु मस्तकावर आघात होऊनही जो वाचतो, त्याची जखम कित्येकदा घरच्यांनाही दिसत नाही.

आजच्या झाशीत असा आघात रणात नव्हे, रस्त्यावर होतो. दुचाकीवरून पडलेला माणूस बरा होऊन घरी येतो. टाके सुकलेले असतात. पण बुंदेलखंडातील खडकाळ भूमीवर तळपणारे ज्येष्ठातले ऊन त्याच्या डोळ्यांत सुयांसारखे टोचते. वाचताना ओळी एकमेकींत मिसळतात. चालताना एकाच बाजूच्या वस्तूंना धक्का लागतो. डोळे तपासावेत, तर ते निर्दोष! मग घरात कुजबुज सुरू होते : हे सारे सोंग तर नव्हे?

सोंग नव्हे. डोळा प्रकाश टिपतो. त्याचे दृश्य होते ते मेंदूत, विशेषतः त्याच्या मागील भागात. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात डोक्यात गोळी लागूनही वाचलेल्या जपानी सैनिकांची तपासणी तात्सुजी इनोउये या नेत्रवैद्याकडे आली. निवृत्तिवेतनासाठी त्यांच्या दृष्टीची हानी मोजायची होती. गोळीचा मार्ग आणि नाहीसे झालेले दृष्टिक्षेत्र यांचा मेळ घालून त्याने मेंदूतील दृष्टीचा नकाशाच मांडला. तो 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. सैनिकांचे गाऱ्हाणे असे मोजमापाने सिद्ध झाले.

प्रकाश न सोसणे मात्र असे सहज मोजता येत नाही. त्यात दृष्टीच्या मार्गाबरोबरच वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचाही संबंध असतो. पुष्कळांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. काहींचा दीर्घकाळ रेंगाळतो. उन्हात रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा उपयोगी पडतो. घरात मात्र सदैव अंधार करून बसू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना प्रकाश अधिकच बोचतो. दृष्टिक्षेत्राची आणि दोन्ही डोळ्यांच्या मेळाची स्वतंत्र तपासणी करवून घ्यावी. डोकेदुखी वाढत गेली, वांत्या होऊ लागल्या किंवा एकाएकी एकाचे दोन दिसू लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि घरच्यांनी? खिडकीचा पडदा थोडा ओढावा, आणि त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा. ज्याची जखम दिसत नाही, त्याच्यापाशी तिचा पुरावा म्हणून बहुधा स्वतःचा शब्दच असतो.