पांढरी दोन, काफी आणि तीन कॉर्ड

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



"कीबोर्ड कसा शिकावा" यावर दहा मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलंय. दहा मिनिटांत सगळं होणं नाही, म्हणून एकच थाट घेते. काफी.

पांढरी दोन, म्हणजे इंग्रजी डी, हा सा धरा. तिथून वरच्या डीपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत जा. ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. भातखंड्यांच्या दहा थाटांतला हा काफी; पाश्चात्त्य मंडळी याला डोरियन म्हणतात.

आता कॉर्ड. एक पट्टी सोडून एक, अशा तीन पट्ट्या एकदम दाबायच्या. सा-ग-प झाला डी मायनर. त्यातला अंगठा सा वरच ठेवा, मधलं बोट ग वरून म वर आणि करंगळी प वरून ध वर सरकवा. सा-म-ध, म्हणजे जी मेजर, फक्त उलटा मांडलेला. परत या. सा हलत नाही, तानपुऱ्यासारखा. हे दोनच कॉर्ड आठवडाभर करा, सावकाश. मग तिन्ही बोटं डी मायनरवरून एकेक पट्टी खाली, म्हणजे नी-रे-म, सी मेजर. काफीतल्या बऱ्याच साध्या चालींना एवढं पुरतं.

यातला जी मेजर जपायचा, कारण शुद्ध धैवत त्यात आहे. तिथे जी मायनर दाबला की धैवत कोमल होतो आणि काफीचा आसावरी थाट होतो. डी मायनर आला की पाठोपाठ जी मायनरच वाजवायची सवय पुष्कळांच्या बोटांना असते.

मागे आपल्या गणेशोत्सवात हेच झालं. एक काकू काफीतलं भजन म्हणत होत्या. साथीदार बाहेरून बोलावलेला. काकूंचा धैवत शुद्ध, त्याच्या कॉर्डमधला कोमल. दोन्ही एकदम वाजल्यावर कानाला टोचणारच! काकू बिचकल्या, आपणच बेसूर झालो असं समजल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी नाव दिलं नाही. त्या आज समोर बसल्यात. काकू, तुमचा सूर बरोबर होता. सगळ्यांसमोर सांगायचं होतं, म्हणून काफी घेतला.

कोणी म्हणेल, रागाला कॉर्ड हवेतच कशाला? रास्त आहे. पियानोचा कोमल गंधार सा पासून 300 सेंटवर पक्का बांधलेला. 6:5 या प्रमाणातला गंधार 316 च्या आसपास पडतो. म्हणून गाणारा गंधारावर थांबला की मी कॉर्डमधला ग सोडून देते, नुसते सा-प ठेवते. रागाची बढत करताना तर कीबोर्ड गप्पच बरा. भजन-भावगीताला मात्र कॉर्ड शोभतात.

डोरियन नुसता ऐकायचा असेल तर माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू' मधलं 'सो व्हॉट' लावा. पियानोवर बिल इव्हान्स. 32 मात्रांचं नव्हे हं, 32 बारचं आवर्तन: 16 बार पांढरी दोनवर, 8 बार काळी दोनवर, पुन्हा 8 पांढरी दोनवर. पट्टी बदलते ती जागा नातवंडांना ओळखायला सांगा.

हॉलमधल्या कीबोर्डची किल्ली वॉचमनकडे असते. दुपारी दोन ते चार मात्र वाजवू नका, पहिल्या मजल्यावरची मंडळी झोपलेली असतात.