फेडलेला नवस

नवस बोलताना मनुष्य संकटात असतो; नवस फेडताना संकट टळलेले असते. म्हणून बोलण्यापेक्षा फेडणे कठीण. उपासनेचा विचार करताना हा भेद ध्यानात घ्यावयास हवा. दिल्लीतील मेहरौली येथील ‘फूलवालों की सैर’ या उत्सवाच्या मुळाशी असाच एक फेडलेला नवस आहे.

१८०३ साली पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दिल्ली कंपनीच्या ताब्यात गेली. बादशहा दुसरा अकबरशहा हा नावापुरताच सत्ताधीश उरला. आपला लाडका पुत्र मिर्झा जहांगीर गादीवर यावा, अशी त्याची इच्छा होती. इंग्रज रेसिडेंट सेटन याला ती मान्य नव्हती. संतापलेल्या शहजाद्याने लाल किल्ल्यात सेटनवर गोळी झाडली. नेम चुकला, परंतु शहजाद्याची रवानगी अलाहाबादेस झाली.

त्याची माता मुमताज महल बेगम हिने नवस केला, की पुत्र परत आल्यास मेहरौलीचे सूफी संत ख्वाजा कुत्बुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन. १८१२ च्या सुमारास पुत्र परतला आणि बेगमेने आपला शब्द पाळला. किल्ल्यातील मंडळी मेहरौलीस लोटली. परंपरा सांगते, की फुलारी मंडळींनी आपल्या भक्तीने त्या चादरीला फुलांचा पंखा जोडला. दर्ग्याप्रमाणेच जवळच्या योगमायेच्या मंदिरातही पुष्पपंखा अर्पण झाला. एका मातेची कृतज्ञता अशा रीतीने साऱ्या नगराची झाली.

नवस हा देवाशी केलेला सौदा होय, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. आपल्या संतांनीही अशा देवघेवीवर कोरडे ओढले आहेत. परंतु या कथेचा उत्तरार्ध पाहावा. शहजाद्याला पुन्हा अलाहाबादेस जावे लागले. गादी त्याला लाभलीच नाही. १८२१ साली ऐन तारुण्यात तेथेच त्याचा अंत झाला. दिल्लीच्या निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात, संगमरवरी जाळीआड, त्याची कबर आहे. हा केवळ सौदा असता, तर तो येथेच मोडला असता. कारण मिळालेले दान हातून निसटले होते. तरीही फुले थांबली नाहीत. अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर यानेही हा उत्सव पुढे चालविला.

१९४२ च्या आंदोलनकाळात इंग्रज सरकारने उत्सव बंद पाडला. स्वातंत्र्यानंतर, १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, पंडित नेहरूंच्या पुढाकाराने तो पुन्हा सुरू झाला. दर्ग्यावर चादर आणि मंदिरात पंखा वाहताना हिंदू व मुसलमान दोघेही बरोबरीने चालू लागले.

बेगमेला पुत्र कायमचा मिळाला नाही. परंतु तो परतला त्या दिवसाचे ऋण खरे होते, आणि ते तिने फेडले. पुढे काय हिरावले जाईल याचा हिशेब न मांडता, मिळाले त्याबद्दल दिलेला शब्द पाळणे, हीच नवसातील उपासना होय.