धूर, दाह आणि दमा



१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा भात, तेंदूपाने व विडी यांसाठी प्रसिद्ध आहे. भातगिरणीतील तुसाची धूळ, विडी वळताना उडणारी तंबाखूची भुकटी, विडीचा व चुलीचा धूर ही सर्व श्वासावाटे फुप्फुसांत जातात. तेथे पुढे काय घडते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

फुप्फुसांतील वायुकोशांत भक्षक पेशींचा पहारा असतो. परका कण गिळणाऱ्या अशा पेशींचे कार्य इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली ओळखले. धूर आत येताच या पेशी रासायनिक संदेश धाडतात आणि रक्तातून श्वेतपेशी धावून येतात. शत्रू जंतू असेल, तर त्याचा नाश होऊन दाह शमतो. परंतु चूल रोज पेटते, विडी रोज ओढली जाते. म्हणून दाहही शमत नाही. जमलेल्या न्यूट्रोफिल पेशींतून इलास्टेज नावाचे विकर बाहेर पडते व ते वायुकोशांचे लवचीक तंतूच तोडू लागते. १९६३ मध्ये स्वीडनमधील लॉरेल व एरिक्सन यांना रक्तात एक विशिष्ट प्रथिन नसलेल्या काही व्यक्तींत असा फुप्फुसविकार आढळला. हेच प्रथिन इलास्टेजला आवर घालते, हे पुढे स्पष्ट झाले.

डॉक्टर या विकारास सी.ओ.पी.डी. म्हणतात, खेड्यात त्यालाही सरसकट ‘दमा’ म्हटले जाते. नष्ट झालेले वायुकोश औषधाने परत येत नाहीत. विडी सोडल्यावरही दाह काही अंशी उरतो. मात्र पुढील ऱ्हास मंदावतो. म्हणूनच धूर लवकर थांबविण्यास महत्त्व आहे.

विडीला कधी हात न लावलेली गृहिणीही यातून सुटत नाही. तिचा खोकला वयाचा म्हणून सोडून दिला जातो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयासाठी थुंकी तपासावी. क्षय नाही असे ठरले, तरी तेवढ्यावर न थांबता फुंकून करावयाची श्वसनचाचणी करून घ्यावी.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गॅसजोडणी मिळाली, तरी शेजारी चूल धुमसत राहिल्यास फुप्फुसांना विसावा मिळत नाही. कोणत्या घरी सिलिंडर परत भरला जात नाही, कोणत्या स्वयंपाकघरास धुराडे नाही, याची विचारपूस पंचायत सदस्यांनी करावी. शिक्षकांनी ही माहिती मुलांमार्फत घरोघरी पोहोचवावी. धाप लागण्यापूर्वी धूर थांबविणे, हाच यावरील खात्रीचा उपाय होय.